कैद्याने प्रार्थनेची यादी मागितली आहे, पाठवावी का?

प्रश्न: मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पंचकमिटीत आहे. आमच्या गायनवृंदात अनेक वर्षं गाणारे एक गृहस्थ फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत आहेत. जास्त व्याजाचं आमिष दाखवून त्यांनी बऱ्याच जणांकडून पैसे घेतले आणि बुडवले. त्यांत आमच्याच मंडळीतली दोन कुटुंबं आहेत, ती आजही दर रविवारी उपासनेला येतात. या गृहस्थांच्या पत्नी मात्र यायच्या बंद झाल्या. मध्यंतरी तुरुंगातून या गृहस्थांचं पाळकांना पत्र आलं. पैसे, वस्तू, वकील, काहीच मागितलेलं नाही. एवढंच लिहिलंय की रविवारी ज्यांच्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना होते त्यांची यादी मला पाठवत जा, मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करीन. पाळकांनी पत्र कमिटीपुढे ठेवलं आणि वाद पेटला. एक ज्येष्ठ पंच म्हणाले, आधी लोकांचे पैसे परत कर म्हणावं, मग प्रार्थना. दुसरे म्हणाले, शास्त्रातले बंदिवान विश्वासासाठी तुरुंगात गेले होते, हा लबाडीसाठी गेलाय. असल्या माणसाचा मंडळीला काय उपयोग? तिसरे म्हणाले, ही लवकर सुटण्याची युक्ती आहे. मला मनातून वाटतं यादी पाठवावी, पण त्या दोन कुटुंबांकडे बघितलं की माझं तोंड उघडत नाही. पुढच्या बैठकीत मत द्यायचं आहे. काय करू? (एक पंच भगिनी)

प्रिय ताई,

यादी पाठवावी, असं माझं मत आहे. मात्र पुढच्याच बैठकीत हात वर करून ठराव मंजूर करून घेऊ नका. त्याआधी दोन घरी जाऊन यायला हवं आणि त्या भेटी घाईत उरकण्यासारख्या नाहीत. तुमच्या तिन्ही पंचांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून आधी त्यांच्याकडे वळतो.

शास्त्राचा दाखला देणारे पंच अर्धे बरोबर आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात सांगितलंय की आपणही त्यांच्यासोबत बंदीत आहोत असं समजून बंदिवानांची आठवण ठेवा. तिथे लेखकाच्या डोळ्यांपुढे विश्वासापायी पकडले गेलेले बंधुभगिनीच आहेत. त्याच पत्राच्या १० व्या अध्यायात या लोकांची मालमत्ता लुटली गेली तरी त्यांनी बंदिवानांची साथ सोडली नाही, असा उल्लेख येतो. काळ छळाचा होता हे उघड आहे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात प्रभू ज्यांना आपले कनिष्ठ बंधू म्हणतो ते जगातले सगळे गरजू की फक्त त्याचे शिष्य, यावर भाष्यकारांचा जुना वाद आहे. योसेफ, यिर्मया, बाप्तिस्मा करणारा योहान, पेत्र, पौल, सीला यांच्यापैकी कुणीही शेजाऱ्याचे पैसे बुडवून आत गेलेला नव्हता. हे बैठकीत सरळ मान्य करून टाका. फसवणाऱ्याला हुतात्म्यांच्या रांगेत नेऊन बसवायचं आणि मग त्याच्यावर दया करायची, तर ती दया खोटी.

पण मग लूकाच्या २३ व्या अध्यायाचं काय करायचं? तिथे प्रभूशेजारी वधस्तंभावर टांगलेला अपराधी स्वतःच्या तोंडाने म्हणतो की आपल्याला मिळतेय ती शिक्षा योग्यच आहे, आपण केलं त्याचं ते फळ आहे. अधिकारी थट्टा करताहेत, शिपाई कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकताहेत, ओळखीचे लोक दूर उभे राहून बघताहेत. शेजारी मरत असलेल्या या माणसाचं राज्य येणार आहे, असं त्या घटकेला बोलून दाखवणारा तो एकटा. आणि त्याने मागितलं काय, तर आपली आठवण.

मंडळीने त्याचे शब्द टाकून दिले नाहीत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही प्रभुभोजन घेण्याआधी एक प्रार्थना म्हणतात; तीत भाविक म्हणतो की मी त्या चोराप्रमाणे तुला पत्करतो, प्रभू, तुझ्या राज्यात माझी आठवण ठेव. बिशपही तेच म्हणतो आणि कालपरवा बाप्तिस्मा झालेला माणूसही तेच म्हणतो. शतकानुशतकं माणसं एका गुन्हेगाराचे शब्द तोंडी घेऊन पवित्र मेजापाशी जाताहेत. असल्या माणसाचा काय उपयोग, असं विचारणाऱ्या पंचांना एवढं उत्तर पुरावं. विश्वासासाठी नव्हे, गुन्ह्यासाठीच शिक्षा झालेल्या माणसाकडून मंडळी प्रार्थना शिकली.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. विश्वासांगीकारात प्रभूखेरीज दोनच माणसांची नावं येतात. एक त्याची आई मरिया आणि दुसरा पंतय पिलात, म्हणजे शिक्षा फर्मावणारा अधिकारी. आपल्या प्रभूला अटक झाली, त्याच्यावर खटला चालला, शिक्षा अमलात आली, हे आपण उपासनेत उभं राहून जाहीर करतो. तो निर्दोष होता आणि तुमचे गृहस्थ नाहीत, हा फरक पुसून टाकायचं कारण नाही. पण कोर्ट आणि तुरुंग हे शब्द निघाले की नाक मुरडणारी मंडळी स्वतःचाच अंगीकार कानाआड करते आहे, असं मला वाटतं.

आता त्या पत्राकडे बघू. कैद्याला आपण बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या जागी बसवतो. त्याला शास्त्राची प्रत द्यायची, त्याच्यापुढे गीतं म्हणायची, संदेश द्यायचा, सोबत फोटो काढायचा आणि आपण काहीतरी केलं या समाधानात घरी यायचं. त्याने आपल्याला काही द्यावं, असं कुणाच्या मनातही येत नाही. तुमच्या गृहस्थांनी मात्र मदत मागितली नाही, काम मागितलंय. तुमच्या कमिटीत एवढा वाद झाला त्याचं खरं कारण हेच असावं. त्यांनी कांबळं मागितलं असतं तर ते तुम्ही एका मिनिटात मंजूर केलं असतं.

अशा कामाला शास्त्रात आधार आहे. कलस्सै इथल्या मंडळीला पौल कळवतो की एपफ्रास हा तुमच्यातलाच माणूस तुमच्यासाठी प्रार्थनेत नेहमी झगडत असतो. आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी याच एपफ्रासाला तो आपल्याबरोबरचा बंदिवान म्हणतो. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली की चित्र स्पष्ट होतं. मंडळी मोकळी आहे, तिचा माणूस कैदेत आहे, आणि तिच्यासाठी झगडतोय तो. फिलिप्पैकरांना लिहितानाही पौल आधी सांगतो की मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. स्वतःच्या बेड्यांचा विषय तो नंतर काढतो. पुढच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांचं घ्या. १९४३ च्या नाताळात बर्लिनमधल्या टेगेलच्या तुरुंगात त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहिल्या. त्यांच्यावरचा आरोप राजकीय होता, तो विषय वेगळा. पण आत टाकलेला माणूस फक्त सांत्वनाचा धनी असतो, ही समजूत त्यांच्या बाबतीतही टिकत नाही.

तुरुंगात गेलं की प्रार्थनेला आपोआप धार चढते, असं मात्र मी म्हणणार नाही. तिथे गोंगाट असतो, भीती असते, भयंकर कंटाळा असतो. एकांत मिळेल याची खात्री नसते. तिथे एकच गोष्ट अवघड होते, ती म्हणजे आपण बरे आहोत असं भासवत राहणं. तुमच्या-माझ्या पापांची नोंद कोर्टाच्या कागदावर नाही. पापकबुलीची प्रार्थना आपण सगळे मिळून एका लयीत म्हणतो आणि लय जमली की शब्दांचा चटका जातो. ज्याच्या पापाला कायद्याचं कलम आहे, तारीख आहे, रकमेचा आकडा आहे, त्याला ती प्रार्थना अशी गुळगुळीत करून म्हणता येत नाही. असा माणूस मंडळीच्या नावांत राहिला, तर आपण सभ्य लोकांचं मंडळ आहोत हा समज तिच्यात फार मुरत नाही. कैद्याकडून मंडळीला मिळणारी सगळ्यांत मोठी गोष्ट मला हीच वाटते, आणि ती त्याच्या चांगुलपणावर अवलंबून नाही.

शिवाय उपयोगाचं माप एकदा हाती घेतलं की ते कुठे थांबवायचं? अंथरुणाला खिळलेल्या आजींना ते लावणार का? स्मृती गेलेल्या आजोबांना? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल म्हणतो की शरीराचे जे अवयव अधिक अशक्त वाटतात ते आवश्यक आहेत. ते चालवून घ्यावेत, असं त्याने लिहिलेलं नाही.

युक्तीचा संशय घेणारे तिसरे पंच कदाचित खरे ठरतील. या संशयाला जुना इतिहास आहे. दुसऱ्या शतकातल्या लुसियन या उपहासकाराने पेरेग्रिनस नावाच्या माणसाची कथा लिहिली आहे. हा लुसियन ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांच्या भोळेपणावर त्याला मनसोक्त हसायचं होतं. पेरेग्रिनस भोंदू होता, असं त्याचं म्हणणं. तो ख्रिस्ती म्हणून पकडला गेला तेव्हा काय काय झालं, ते लुसियन तपशिलाने सांगतो. पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ मुलं तुरुंगाच्या दाराशी येऊन बसायची. मंडळीतली पुढारी मंडळी पहारेकऱ्यांचे हात ओले करून रात्री आत त्याच्याजवळ झोपायची. जेवण आत जायचं, पवित्र ग्रंथ वाचले जायचे, दूरदूरच्या शहरांतून माणसं मदत घेऊन यायची. आणि मग टोमणा: या साध्या लोकांत एखादा चलाख माणूस शिरला तर बघता बघता श्रीमंत होतो.

मला ही हकीकत फार आवडते, ती हसणाऱ्याने सांगितली आहे म्हणूनच. त्या काळच्या मंडळ्या कैद्यासाठी किती झिजत, याची साक्ष त्यांची चेष्टा करणाऱ्याने दिली. पुढे ख्रिस्ती लोकांनी पेरेग्रिनसशी संबंध तोडले, हेही तोच सांगतो. म्हणजे ते भोळे असतील, पण आंधळे नव्हते. तुमच्या पंचांना म्हणा, फसण्याची तयारी ठेवू आणि डोळेही उघडे ठेवू. पाळकांनी पहिल्याच उत्तरात एक ओळ स्पष्ट लिहावी: या प्रार्थनेच्या आधारावर मंडळी चांगल्या वर्तणुकीचा दाखला किंवा पॅरोलसाठी शिफारस देणार नाही. तो विषय कधी आलाच तर वेगळा बघू. या ओळीनंतरही ते यादी मागत राहिले, तर संशय बराच कमी होईल.

पेरेग्रिनसला पैसे मिळत होते. यादीतून तुमच्या गृहस्थांना काय मिळेल? लोकांची नावं, आजारपणं, घरच्या अडचणी. ज्या माणसाने विश्वास कमावून माणसं फसवली, त्याच्या हाती ही माहितीही जपूनच द्यायला हवी, आणि हे म्हणण्यात प्रीतीला कमीपणा येत नाही. म्हणून रविवारी वाचली जाते ती यादी जशीच्या तशी पाठवू नका. ज्याचं नाव जाणार त्याला आधी विचारा, आणि ते कुणाच्या हाती जाणार आहे हेही सांगा. फक्त पहिलं नाव आणि एका ओळीत विनंती. पत्ता, फोन, पैशांचे प्रश्न, कोण कधी घर बंद करून बाहेर जाणार आहे, यातलं काही नको. लहान मुलांची नावं तर नकोतच. तुरुंगात पत्रं उघडून वाचली जातात, तेव्हा कार्यालयातल्या अनोळखी माणसाने वाचलं तरी चालेल एवढंच लिहा. पत्रव्यवहार पाळकांच्या नावाने व्हावा. एका वेळी चार-पाच नावं पुरेत. आणि नुसती नावं धाडून गप्प बसू नका. ज्या आजारी बहिणीसाठी ते महिनाभर प्रार्थना करताहेत ती बरी झाली किंवा गेली, तर त्यांना कळवायला नको का? काम दिलं की कामाची खबरही द्यावी लागते.

उलट दिशेनेही काही मागा. त्यांच्या बराकीत असे कोण आहेत ज्यांना मुलाखतीला कुणी येत नाही, त्या माणसांची चालत असेल तर नुसती पहिली नावं कळवा, असं लिहा. कुणाचा काय गुन्हा ते विचारू नका, त्याची आपल्याला गरज नाही. ती नावं तुमच्या रविवारच्या प्रार्थनेत येऊ द्या.

आता ज्येष्ठ पंचांचं म्हणणं. आधी पैसे, मग प्रार्थना. यालाही आधार आहे. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन बाजूला सारून यादीचा ठराव झाला, तर तो ठराव मलाही नको. पण कैदेतल्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याला करता येण्यासारखं काय आहे, ते बघायचं. तुमच्या पत्रावरून कळलं नाही म्हणून विचारतो: त्या गृहस्थांच्या पत्रात त्या दोन कुटुंबांविषयी एक शब्द तरी आहे का? नसेल तर पाळकांनी पहिल्याच उत्तरात विचारावं की त्यांच्या पैशांचं तुम्ही काय ठरवलं आहे. तुरुंगातल्या मजुरीतून रक्कम फिटणार नाही हे सगळ्यांना कळतं. प्रश्न रकमेचा नाही, त्यांनी तो विषय स्वतःच्या तोंडाने काढण्याचा आहे. कुटुंबांना थेट पत्र मात्र त्यांनी लिहू नये. घरी येऊन पडलेलं माफीचं पत्र पुष्कळदा दुसरा घाव ठरतं. जे लिहायचं ते पाळकांकडे लिहावं, आणि ते वाचायचं की नाही हे कुटुंबांनी ठरवावं.

पैसे फिटेपर्यंत प्रार्थनेला बंदी, हे मला पटत नाही, कारण मग श्रीमंत फसव्याला प्रार्थना आधी परवडेल.

या संदर्भात फिलेमोनाला लिहिलेलं पत्र पुन्हा उघडा. एकाच अध्यायाचं पत्र आहे, बैठकीत पूर्ण वाचता येईल. अनेसिम हा फिलेमोनाचा दास त्याच्यापासून दुरावला, बंदिवान पौलाकडे पोहोचला आणि तिथे विश्वासात आला. पौल त्याला परत पाठवतोय. पौल नुकसान नाकारत नाही. त्याने तुझं काही वाईट केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी भरीन, असं तो स्वतःच्या हाताने लिहितो. तुमच्या ज्येष्ठ पंचांना हे आवडेल. पण तुम्ही १४ व्या वचनावर थांबा. पौलाला अनेसिम स्वतःजवळ ठेवून घ्यायचा होता. आपल्याला आज्ञा करता आली असती, हे त्याने आधीच सांगून टाकलंय. तरी तो फिलेमोनाला म्हणतो, तुझ्या संमतीवाचून काही करावं असं मला वाटलं नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला विचारल्याशिवाय प्रेषितसुद्धा पुढे गेला नाही.

तुमच्या पत्रातून मला दिसतं ते असं. एक पंच त्या कुटुंबांच्या वतीने रागावले, तुम्ही त्यांच्या वतीने संकोचलात, आणि खुद्द त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही.

तर पाळकांना बरोबर घेऊन दोन्ही घरी जा. वेगवेगळ्या दिवशी जा, दोघांना एकत्र बोलावू नका. एकाचं उत्तर ऐकून दुसऱ्याने बोलायला नको. ठरलेला निर्णय कळवायला नव्हे, निर्णय व्हायच्या आधी आलो आहोत, हे सुरुवातीलाच सांगा. असं असं पत्र आलंय, उपासनेनंतर कुणाच्या तोंडून कळण्याआधी आमच्याकडून कळावं असं वाटलं, एवढं बोलून थांबा. क्षमेचा विषय तुम्ही काढू नका. सत्तर वेळा सात हे वचन त्यांना पाठ आहे, आणि ज्याचे पैसे गेले नाहीत त्याने ते म्हणून दाखवणं फार सोपं असतं. मग दोनच गोष्टी विचारा. तुमचं नाव त्या यादीत कधीच जाऊ नये असं वाटतं का? आणि इतरांची नावं तिकडे जाताहेत हे माहीत असताना उपासनेत बसणं जड जाईल का?

ते चिडतील, रडतील किंवा नुसतेच बघत राहतील. तुमची बाजू मांडायला जाऊ नका. त्यांच्या नावापुरता त्यांचा नकार शेवटचा समजा. थोडं थांबा म्हणाले तर थांबा, महिनाभर, सहा महिनेही. मात्र मंडळीने त्या गृहस्थांशी नातं ठेवायचं की तोडायचं, हा निर्णय त्यांच्यावर सोपवू नका. आपल्या एका शब्दावर दुसऱ्याची प्रार्थना अडली, हे ओझं ज्याचं आधीच एवढं गेलंय त्याच्या माथी मारणं बरं नाही. तो निर्णय कमिटीने घ्यावा आणि त्याची जबाबदारीही कमिटीनेच उचलावी.

या भेटीत आणखी एक विचारून या, आणि उत्तर ऐकून कदाचित तुम्हालाच लाज वाटेल. त्यांच्या नुकसानीसाठी मंडळीत कधी उघडपणे प्रार्थना झाली का? माझा अंदाज आहे की नाही. विषय नाजूक म्हणून सगळे गप्प बसले असतील. असं असेल तर यादीत पहिली भर ती घाला. फसवणाऱ्याची विनंती कमिटीपुढे आली आणि फसलेल्यांची कधी आलीच नाही, ही गोष्ट तुमच्या तिन्ही पंचांच्या आक्षेपांपेक्षा मला जास्त खुपते.

यादी सुरू झाली आणि दोन-चार चांगली पत्रं आली की दुसराच धोका उभा राहील. कुणीतरी म्हणेल, हे पत्र पुलपिटवरून वाचून दाखवू या. वाचू नका. सुटून आल्यावर साक्ष द्यायला उभे करा, असं म्हणतील. घाई करू नका. कैद्याचं मोल कळलेल्या मंडळीने त्याला डोक्यावर घेतल्याचीही उदाहरणं आहेत. २५० साली रोमी सम्राट डेशियसच्या छळात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात कितीतरी विश्वासू ख्रिस्ती तुरुंगात गेले आणि कितीतरी जणांनी जीव वाचवण्यासाठी विश्वास नाकारला. नाकारणाऱ्यांना मग मंडळीत परत यायचं होतं. ते तुरुंगातल्या बंधूंकडून शिफारशीच्या चिठ्ठ्या आणू लागले, कारण कैदेत टिकलेल्या माणसाच्या शब्दाला तेवढं वजन होतं. होता होता ‘अमुक माणूस आणि त्याची माणसं’ अशा मोघम चिठ्ठ्या निघाल्या. त्या एका चिठ्ठीवर किती जण आत येतील याचा हिशोब राहिला नाही. बिशप सिप्रियनने या बंदिवानांचं तोंडभर कौतुक केलं आणि तरीही सांगितलं की नावानिशी लिहा, प्रत्येकाची चौकशी होईल, निर्णय मंडळी घेईल. ते तर विश्वासासाठी आत गेलेले होते. तुमच्या गृहस्थांच्या बाबतीत याच्या दुप्पट सावध राहावं लागेल. ते प्रार्थना करोत, सुटून आल्यावर उपासनेत बसोत, गायनवृंदाचा विचार पुढे कधीतरी होऊ दे. पैशांचा हिशोब मात्र पुन्हा कधीही त्यांच्या हाती नको. क्षमा झाली म्हणून तिजोरीची किल्ली द्यावी लागत नाही, आणि त्यांचा पश्चात्ताप खरा असेल तर ते ती मागणारही नाहीत.

प्रभुभोजनाविषयी तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रश्न येईल. त्या तुरुंगात कुणी धर्मसेवक जात असतील तर पाळकांनी त्यांच्याशी बोलावं. तुमच्या मंडळीची शिस्त काय आहे त्यावर ते अवलंबून राहील.

शेवटी त्यांच्या पत्नीविषयी. सबंध पत्रात त्यांच्या वाट्याला तुम्ही एक वाक्य दिलंय, त्या यायच्या बंद झाल्या. का बंद झाल्या? कुणी काही बोललं, की कुणीच काही बोललं नाही? त्यांनी कुणाचे पैसे घेतलेले नाहीत. घर कसं चालतं, मुलं असतील तर त्यांना शाळेत काय ऐकावं लागतं, नवऱ्याच्या मुलाखतीला जायला त्यांच्यासोबत कुणी आहे का, हे तुमच्या मंडळीत कुणाला ठाऊक आहे? कैदी डोळ्यांआड असतो म्हणून त्याच्यावर निदान बैठकीत वाद तरी होतो. बाईंच्या नावाने तर विषयच निघालेला नाही. यादीचा निकाल काहीही लागो, त्यांच्याकडे जायला ठराव लागत नाही. याच आठवड्यात जा. एकट्या जा, कमिटीच्या वतीने नको. यादीविषयी, पत्राविषयी त्यांनी काढल्याशिवाय बोलू नका. आणि रविवारी या असंही पहिल्या भेटीत म्हणू नका; कशा आहात ते विचारा आणि त्या सांगतील तेवढं ऐकून घ्या.